जोडीतला दुसरा नग

१

डबलला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मित्र डबल म्हणायचे, साप्ताहिकाचे संपादक डबल म्हणायचे, आणि बायको रागावली की डबलराव म्हणायची. नाव पडलं ते त्याच्या खोडीवरून. विजेवर किंवा सेलवर चालणारी कुठलीही गंमतशीर वस्तू दिसली की तो ती घ्यायचा, आणि घ्यायचा ती दोन नगांत. एक वापरायला, एक ठेवायला. दुकानदाराने दोन खोके पुढे केले की हा ते उजेडात धरायचा, कोपरे बोटाने चाचपायचा, आणि ज्याचा कोपरा दबलेला असेल तो वापरायला काढायचा. चांगला तो सीलबंद राहायचा. सील म्हणजे खोक्यावर ताणून बसवलेलं ते पातळ पारदर्शक आवरण. ठेवायच्या नगाचं आवरण त्याने उभ्या आयुष्यात फाडलं नव्हतं. "सील गेलं की वस्तू गेली," असं तो म्हणायचा, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणायचा की समोरच्याला हसावं की सांत्वन करावं ते कळायचं नाही.

साप्ताहिकात त्याचं 'घेऊ की नको' नावाचं सदर होतं. त्यात तो नव्या वस्तूंची परीक्षा घ्यायचा, आणि बहुतेक वस्तू नापास व्हायच्या. ज्या इस्त्रीला मोबाइलशी बोलायचं असतं ती कपड्यांकडे लक्ष देणार कधी, असा त्याचा सवाल. फ्रिजच्या दारावर पडदा बसवल्याने आतलं दूध एक दिवस जास्त टिकत नाही, हे त्याने एकदा लिहिलं आणि त्या लेखावर वाचक खूश झाले. जुन्या यंत्रांवर मात्र त्याचा जीव. दाबलं की खट्‌ असा आवाज करणारं बटण त्याच्या मते माणसाने लावलेल्या पहिल्या पाच शोधांत बसायला हरकत नव्हती.

घरात तीन माणसं. बायको बँकेत जायची. "या घरात आठ जातींचे चार्जर आहेत आणि माझ्या फोनला एकही लागत नाही," ही तिची कायमची तक्रार. वस्तूंच्या खोलीला ती सवतीची खोली म्हणायची. आणि मुलगी होती खारू. खारीसारखी तुरतुर चालायची म्हणून खारू. नुकतीच दुसरीत गेलेली, समोरचा एक दात पडलेला, त्या फटीतून बोलताना शीळ वाजायची. हनुवटीवर जिन्यात पडल्याची आडवी खूण, आणि नखं कुरतडून पार मांसापर्यंत नेलेली. बापाला अरेतुरे करायची आणि दिवसभर त्याच्या मागे लागायची. पाहुणे आले की डबल तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आमच्याकडे सगळं जोडीने. हीच तेवढी एक नग. बदली माल नाही."

दोघांचा एक खेळ होता. ती कुठूनही यायची, त्याच्या अंगठ्याचं नख बटणासारखं दाबायची आणि थांबायची. त्याने "टिंग" म्हणायचं. तो लिहीत असो, फोनवर असो, टिंग म्हणावंच लागायचं. म्हटलं की ती फटीतून फुस्स करून हसायची आणि पळायची. हा खेळ तिला बोलता यायच्याही आधीपासूनचा होता, आणि डबलला जगातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा तो जास्त आवडायचा. हे त्याने कधी सदरात लिहिलं नाही, पण खरं होतं.

२

ते कपाट परीक्षेसाठीच आलं. संग्राहकांसाठी बनवलेलं, माणसाच्या उंचीचं, तिन्ही बाजूंनी काच, दाराला चारी कडांनी रबर. वर एक छोटी मोटर बारीक घुमत राहायची आणि आतली दमट हवा ओढून घ्यायची. दार लावलं की रबर चप्प असं बसायचं, उघडलं की फस्स करून हवा सुटायची. वरचे कप्पे लहान वस्तूंसाठी, आणि तळाचा एक मोठा कप्पा, पुढून पत्र्याचा, अवजड खोक्यांसाठी.

डबल त्याच्या प्रेमात पडला. सगळे सीलबंद नग त्याने त्यात मांडले, हातात सुती मोजे घालून, एकेक पुसून. सदरात लिहिलं, 'कपाटाने आपलं काम करावं आणि गप्प बसावं. हे तसं करतं. धूळ नाही, ओल नाही, झीज नाही. घ्या.' परीक्षेला आलेल्या वस्तू कंपन्या परत नेतात. हे न्यायला कोणी आलं नाही, आणि यानेही आठवण करून देण्याचा वेडेपणा केला नाही.

खारूला मात्र त्याने समोर उभं करून बजावलं. "याचं दार हवाबंद आहे. आत कधी जायचं नाही. खेळतानासुद्धा नाही. कळलं?"

"मी कशाला जाऊ? आत सगळी बंद खोकीच तर आहेत," ती म्हणाली. "बंद खोक्यांशी कोण खेळतं?"

पहिली गोष्ट घडली ती रेडिओची. टेबलावरचा खिशात मावणारा पिवळा रेडिओ खारूने कधीतरी आपटला होता आणि त्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता. टवका डबलने डिंकाने चिकटवला, तो पुन्हा निघाला, शेवटी तो नाद सोडला. एका सकाळी चहा पिताना त्याने सवयीने रेडिओच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि बोट सरळ गेलं. कोपरा शाबूत होता.

त्याने रेडिओ उलटापालटा करून पाहिला. सेलच्या झाकणावर ओरखडा नाही. आवाजाच्या चाकावर बोटाचा चिकटा नाही. वास आला तो नव्या वस्तूचा, प्लॅस्टिकचा आणि थर्माकोलचा, जो त्याला एरवी अत्तराहून प्रिय होता. मग तो कपाटाकडे गेला आणि रेडिओचा सीलबंद खोका उचलून हलकेच कलता केला. कोपरे ठीक, आवरण ताणलेलं, कुठे फट नाही. पण आत काहीतरी लहानसं खुळखुळलं. टवक्याएवढं.

त्याने खोका जागेवर ठेवला. बायकोनेच दुसरा रेडिओ आणला असेल, वाढदिवसाची गंमत म्हणून. त्याने तिला विचारलं.

"मी? रेडिओ?" ती म्हणाली. "मी या घरात अजून एक रेडिओ आणला तर मला वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडा."

३

डबल भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. वस्तू बिघडते तेव्हा त्याला कारण असतं, हे त्याचं पोटापाण्याचं ज्ञान. बिघडलेली वस्तू आपोआप दुरुस्त झाली तर त्यालाही कारण असणारच, असं त्याने मनाला समजावलं. आपणच कधीतरी नग बदलले असतील. माणूस विसरतो.

मग हातातल्या खेळण्याची पाळी आली. छोट्या पडद्याचं, चार दिशांचं बटण असलेलं ते खेळयंत्र बापलेकींनी मिळून झिजवलं होतं. दिशेच्या बटणावरचे बाण पार पुसले गेले होते, आणि सगळ्यात जास्त गुणांच्या यादीत वरपासून खालपर्यंत खारूचं नाव होतं. रविवारी दोघं खेळायला बसली तर बाण ठळक, पांढरेशुभ्र. यादी कोरी.

"तू पुसलंस?" खारूने विचारलं.

"मी कशाला पुसू गं?"

"मग माझं नाव कुठे गेलं?"

सोमवारी तिला शाळेत सोडून आल्यावर तो कपाटासमोर खुर्ची घेऊन बसला. मोटर घुमत होती. खोकी ओळीने उभी होती, एकाच्याही अंगावर धुळीचा कण नाही. त्याने खेळयंत्राच्या सीलबंद खोक्याला कान लावला. असं करताना कोणी पाहिलं असतं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बराच वेळ काही नाही. मग आतून खेळ जिंकल्यावर वाजणारी चार सुरांची धून वाजली, अगदी पुसट, उशीखालून यावी तशी. त्या खोक्यात सेल नव्हते. कारखाना सेल देतच नाही, हे त्याने स्वतः नाराजी व्यक्त करून सदरात लिहिलं होतं.

ठेवायचे नग बाहेर येतायत आणि वापरायचे आत जातायत, हे त्याच्या लक्षात आलं. त्या क्षणी त्याला काय वाटलं हे सांगायलाच हवं, कारण पुढे तेच त्याच्या जिवाला लागलं. त्याला भीती वाटली, पण भीतीच्या तळाशी थोडी खुशीही होती. आपल्या हातात आता सगळं नवंकोरं आहे.

४

खारूच्या एकाच वस्तूला तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरात नियम होता. ती वस्तू म्हणजे भोपळा. अंड्याएवढं, साखळीला लटकणारं यंत्र, त्याच्या इवल्या पडद्यावर ठिपक्यांचा एक प्राणी. भूक लागली की तो पीक पीक करायचा, खाऊ घातला नाही की आजारी पडायचा, आणि फारच दुर्लक्ष झालं की मरायचा. डबलने अर्थातच दोन आणले होते, एक हिरवा वापरायला आणि एक हिरवा ठेवायला. खारूने आपल्या नगाचं नाव भोपळा ठेवलं, त्याच्या कवचावर दात रोवून खुणा केल्या, आणि त्याला डोळ्यांत तेल घालून जगवलं. शाळेत नेता येत नाही म्हणून दिवसा तो बापाच्या टेबलावर असायचा आणि खाऊ घालायचं काम बापाचं.

एका दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि भोपळा हातात घेऊन तशीच उभी राहिली. पडद्यावर प्राणी नव्हता. एक अंडं होतं, न फुटलेलं. कवच गुळगुळीत.

"हा भोपळा नाही," ती म्हणाली.

"अगं, सेल संपला असेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून..."

"बाबा, हा भोपळा नाही. यावर माझे दात कुठायत?"

तेवढ्यात कपाटातून आवाज आला. पीक पीक. पीक पीक. खारूने मान वळवली. ती रडली नाही, सरळ कपाटापाशी गेली आणि काचेला नाक लावून हिरव्या खोक्याकडे पाहत राहिली.

"तो तिकडे आहे. त्याला भूक लागलीय. उघड ना बाबा."

एका आवरणाचा प्रश्न होता. नखाने टराटरा फाडलं असतं की झालं असतं. पण तसला हिरवा सीलबंद नग आता कुठल्या दुकानात मिळत नव्हता, आणि एकदा फाडलं की फाडलं. शिवाय, त्याने स्वतःला सांगितलं, उघडून आत नवाच निघाला तर पोरगी आणखी हिरमुसेल. माणसाला स्वतःच्या हट्टाला चांगलं कारण सापडायला वेळ लागत नाही.

"उघडता येत नाही गं तो," तो म्हणाला. "सील गेलं की वस्तू गेली."

"पण तो मरेल ना!"

"खेळणं आहे ते, खारू."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला नजर काढून घ्यावी लागली. कपाट त्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत पीक पीक करत राहिलं. बायकोने दोनदा विचारलं की काय वाजतंय, आणि दोन्ही वेळा डबलने विषय बदलला.

५

दुसऱ्या दिवशी शाळेला सुटी होती. डबल बैठकीच्या खोलीत फोनवर संपादकांशी वाद घालत होता. विषय होता कानात घालायच्या हेडफोनचा, जो हरवला तर स्वतःहून ओरडतो पण फक्त सापडल्यावर. संपादक हसत होते. डबल रंगात आला होता.

वस्तूंच्या खोलीतून भोपळ्याचं पीक पीक ऐकू येत होतं. मग फस्स झालं. कपाटाचं दार. घ्यायचा असेल तर घेऊ दे, त्याच्या मनात आलं, तिने फोडलं तर मला फोडावं लागणार नाही. आणि तो बोलत राहिला. मग चप्प असा आवाज आला. पीक पीक थांबलं.

त्याने आणखी एक वाक्य पूर्ण केलं. ते वाक्य काय होतं हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. फोन तसाच टाकून तो धावला.

खारू कपाटासमोर उभी होती. बाहेर. दार नीट लागलेलं. डबलचा जीव भांड्यात पडला, आणि त्याने खाली बसून तिला इतकी घट्ट मिठी मारली की त्याच्याच बरगड्या दुखल्या.

"आत गेली होतीस का? सांग, आत गेली होतीस?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बोलावलंत का?"

त्याने तिच्या केसांत नाक खुपसलेलं होतं. केसांना शाम्पूचा वास नव्हता, घामाचा नव्हता. प्लॅस्टिकचा आणि थर्माकोलचा होता. तिचा फ्रॉक तोच होता, निळ्या ठिपक्यांचा, पण त्यावर उभ्या आणि आडव्या घड्या उमटलेल्या होत्या, दुकानातून आणून नुकताच उलगडावा तशा.

६

"मला तर बाई बरं वाटतंय," बायको म्हणाली. "कधी नव्हे ती पोरीला वळण लागलंय. ताट स्वतः उचलते. नखं खात नाही. मोठ्यांना अहोजाहो करते. तुमचं काय बिनसलंय?"

"तिच्या हनुवटीवरची खूण गेली."

"मी रोज मलम लावत होते ते कशाला?"

"आणि दात?"

"दात येतात हो मुलांना. तुम्हाला नव्हते आले?"

बायकोचं खोटं नव्हतं. मुलं वाढतात, खुणा पुसतात, दात येतात. डबल आरशासमोर उभा राहून हेच स्वतःला सांगायचा. पण त्याला हेही माहीत होतं की खारूच्या त्या फटीत आलेला दात पुढच्या दुधाच्या दातांच्याच मापाचा होता, इवलासा, एका ओळीत बसलेला, कारखान्यातून आल्यासारखा. ती कुठे पळत नव्हती. खुर्चीवर पाठ ताठ करून बसायची आणि कोणी बोललं की तोंडभर हसायची. चुकूनही शीळ वाजत नव्हती.

एकदा ती त्याच्या शेजारी बसून चित्र रंगवत होती, रेषेबाहेर एकदाही न जाता. डबलने हात पुढे केला आणि अंगठा तिच्यासमोर धरला. तो वाट पाहत राहिला.

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. "याचं काय करायचं, बाबा?"

"आठवत नाही तुला?"

"तुम्ही सांगितलंत तर मी शिकेन," ती म्हणाली. गुणांची यादी कोरी झाली होती, तशीच.

त्या रात्रभर डबल बायकोला लागून पडून राहिला आणि छताकडे पाहत राहिला. सांगायचं कुणाला, आणि काय? की आपली मुलगी आधीपेक्षा चांगली झाली आहे?

७

सकाळी बायको आणि ती, दोघी स्वयंपाकघरात असताना तो वस्तूंच्या खोलीत गेला आणि दार ओढून घेतलं. सुती मोजे घातले नाहीत. कपाट उघडलं, हिरवा खोका काढला, आणि ठेवायच्या नगाचं सील आयुष्यात पहिल्यांदा नखाने फाडलं.

आत भोपळा नव्हता. थर्माकोलमध्ये अंड्याच्या आकाराचा खळगा तेवढा होता. पण डबल पाहत राहिला ते थर्माकोलकडे. ते पिवळंजर्द पडलं होतं, आणि बोट लावताच त्याचे दाणे सुटून मांडीवर सांडले. वापरायच्या सूचनांचा कागद उघडायला गेला तर घडीवर मोडला. थर्माकोल इतकं जुनं व्हायला किती वर्षं लागतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याच्या लहानपणीच्या वस्तूंचं थर्माकोलसुद्धा अजून इतकं गेलं नव्हतं. आणि हा खोका त्याने खारू शाळेत जायला लागल्यावर आणला होता.

आत काळ वेगळा चालतो. हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि त्यामागून दुसरा आला. खारू आत गेली त्याला किती दिवस झाले होते? थोडेच. बाहेर थोडेच.

तेव्हा त्याला ऐकू आलं. पीक पीक. वरून नाही. तळाच्या मोठ्या कप्प्यातून.

त्याने पत्र्याचं झाकण ओढलं. तो कप्पा रिकामा होता, हे तो शपथेवर सांगू शकला असता, त्यात मावेल असं काही त्याने आणलंच नव्हतं. आता तिथे एक खोका होता. पांढरा, कुठलंही चित्र नाही, अक्षर नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं लहान मूल मावेल एवढा. चारी कोपरे निर्दोष. वर सील, ताणलेलं, कुठे सुरकुती नाही.

त्याने कान लावला. आत कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, घरघर करत. आणि मधूनच बारीक कट्‌ कट्‌. हा आवाज त्याने रोज अभ्यासाच्या टेबलाशी ऐकला होता आणि रोज दटावला होता. नखं कुरतडण्याचा.

"खारू," तो म्हणाला. "खारू, मी आलो गं."

कट्‌ कट्‌ थांबलं.

त्याने टेबलावरचं पातं घेतलं. पहिल्यांदा ते सरकलं आणि त्याचंच बोट कापलं. दुसऱ्यांदा आवरण चिरलं, खालचा पुठ्ठा चिरला, वीतभर फट पडली. आतून कोमट हवा आली. तिला नव्या वस्तूचा वास नव्हता. जुन्या गोधडीचा, औषधाचा, फार दिवस मिटून राहिलेल्या खोलीचा वास होता.

फटीतून एक हात बाहेर आला, मनगटापर्यंत. नखं मांसापर्यंत खाल्लेली. पण हात लहान नव्हता. कातडी सैल होऊन हाडांवरून ओघळली होती, पंजाच्या पाठीवर तपकिरी डाग होते, शिरा निळ्या आणि उठलेल्या. असा हात डबलने फक्त आपल्या आईचा पाहिला होता, शेवटच्या आजारपणात. तो हात हवेत चाचपडला, खोक्याच्या कडेवरून फिरला, त्याच्या गुडघ्यावर आला, आणि मग त्याच्या हातापाशी. बोटं त्याच्या बोटांवरून सरकत गेली. अंगठा सापडला. त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं.

आणि थांबली.

डबलला ओरडायचं होतं, खोका फाडून टाकायचा होता, फोनवर बोललेलं ते एक वाक्य परत घ्यायचं होतं. बोटं वाट पाहत होती. किती वर्षं वाट पाहिली असेल, आणि कोणाला हाका मारल्या असतील? बोटांनी पुन्हा दाबलं, जरा जोर लावून, ऐकू गेलं नसेल अशा समजुतीने.

"टिंग," तो म्हणाला.

आतून हसू आलं. फुस्स असं, दात नसलेल्या तोंडातून, पूर्वी दाताच्या फटीतून यायचं अगदी तसंच. मग त्या हाताने मुठीत धरलेलं काहीतरी त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं त्यावर मिटवली. त्यानंतर ती बोटं सैल पडली. डबलने ती धरून ठेवली, चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. आतली घरघर थांबली होती.

मागे दार उघडलं. उंबऱ्यात ती उभी होती, केस विंचरलेले, फ्रॉक स्वच्छ. तिने खोक्याकडे पाहिलं, चिरलेल्या आवरणाकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. बापाची आठी होती ती.

"सील गेलं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, शहाण्या मुलीसारखी, "बाबा, आई म्हणते हात धुऊन या. वाढलंय."

डबल उठला नाही. त्याने मूठ उघडली. कवचाचा हिरवा रंग बोटांनी झिजून पार गेला होता, दातांच्या खुणाही गुळगुळीत झाल्या होत्या, पण पडद्यावर ठिपक्यांचा प्राणी होता. जिवंत. तो इकडून तिकडे चालत होता, आणि मग त्याने तोंड वर केलं आणि पीक पीक करायला लागला. त्याला भूक लागली होती.